गोल आकड्याचा आसाराम

घाटनांदुरात कुणाचंच बीपी फार वाढत नव्हतं. त्याला कारण आसाराम.

स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या दवाखान्यात तो तीस वर्षं कंपाउंडर. सगळं गाव त्याला बप्पा म्हणायचं. माणूस बाकावर टेकला की पहिला सवाल, "जेवलास का?" मग दंडाला पट्टा बांधायचा, फुगा दाबायचा, कानाला नळ्या लावून डोळे मिटायचा अन् म्हणायचा, "एकशेतीस-ऐंशी. घोड्यावानी हायस." ऐकणाऱ्याचं निम्मं दुखणं तिथंच उतरायचं.

थोरले डॉक्टर होते तोवर ह्या गोडबोलीला दात नव्हते. ते स्वतः परत मोजायचे, गोळी खऱ्या आकड्यावर लिहायचे अन् आसारामकडं बघून मिशीत हसायचे. ते गेले. त्यांची लेक वर्षाराणी शिकून त्याच खुर्चीत बसली आणि तिनं पुण्याच्या एका मोठ्या संस्थेचं संशोधन दवाखान्यात घेतलं. बीपीची गोळी सकाळी घेतलेली बरी का रात्री, एवढाच प्रश्न. पण त्यासाठी साठ माणसं वर्षभर दर महिन्याला मोजायची. मोजणार आसाराम, वहीत लिहिणार आसाराम. आकडा एकशेसाठच्या वर गेला तरच माणूस आत डॉक्टरीणबाईकडं.

आसारामच्या गळ्यात निळ्या दोरीचं कार्ड आलं. वर फोटो, खाली 'संशोधन सहायक'. कार्डासकट तो सासुरवाडीला जाऊन आला. बायको, बबिता, म्हणाली, "निजताना तरी काढा. फास बसंल गळ्याला."

साठ माणसं गोळा झाली ती त्याच्याच जिभेवर. संमतीचा कागद मोठ्यानं वाचायचा, कळलं का विचारायचं, नाही म्हणायची मोकळीक आहे हे दोनदा सांगायचं. बंकट टेलर डोळे वटारून म्हणाला, "उंदरावानी परयोग करायलास व्हय बे आमच्यावर?"

"उंदराला कुणी सही मागत न्हाई, बंकटा. पटत नसलं तर चहा घे अन् जा."

बंकटनं चहा घेतला, मग सहीही केली.

चार महिन्यांनी पुण्याहून प्रविण नावाचा तपासनीस आला. हळू बोलणारा, चष्म्याचा. तासभर वही चाळली. शेवटी तो म्हणाला, "बप्पा, दोनशे चाळीस मोजण्या आहेत. प्रत्येक आकड्याच्या शेवटी शून्य."

"मग? सुबक दिसायलंय की."

"आणि बीपीच्या साठ पेशंटांत एकही एकशेपन्नासच्या वर नाही. असं गाव मी पाहिलं नाही."

"हे बगा की मग. घाटनांदूर."

कुणीच हसलं नाही. प्रविण म्हणाला, हे वर कळवावं लागेल. सगळ्यांची मोजणी नव्यानं करा. पुढच्या खेपेला आकडे खरे नसले तर ह्या वहीला दुसऱ्याचा हात लागेल, अन् कार्ड परत द्यावं लागेल. जाता जाता त्यानं एक धडाही दिला. चुकलं तर पान फाडायचं नाही, पांढरा रंग फासायचा नाही. एकच रेघ मारायची, अशी की खालचं वाचता यावं. शेजारी खरा आकडा, सही, तारीख.

"म्हंजी चुकलेलं दिसलंच पायजे?"

"दिसलंच पाहिजे."

प्रविण गेल्यावर वर्षाराणी बाहेर आली. आसारामनं तिला लहानपणी खांद्यावर बसवून फिरवलं होतं. ती म्हणाली, "बप्पा, बाबा परत मोजून घ्यायचे. मी मोजलं नाही. तुमच्या आकड्यावर भरोसा टाकून बसले. चूक माझीही आहे."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "लोकं घाबरतेत, बाई," तो पुटपुटला.

"घाबरू द्या. मेल्यावर घाबरता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली आली ती दगडाबाई. साठीची, मेंढरामागं फिरून वाळलेली, जिभेनं काटेरी. येताना दुधाची बाटली आणायची, ती आसारामसाठी. वहीत तिच्या नावापुढं चारदा एकशेचाळीस-नव्वद. ते खरं नव्हतं, हे जगात एकट्या आसारामला ठाऊक होतं.

"जेवलीस का?"

"भाकर खाल्ली. बांध पट्टा."

पारा चढला. आसारामनं हळूहळू हवा सोडली. एकशे अठ्ठ्याऐंशीला ठोका ऐकू आला तो एकशेचारला थांबला. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं हातानं आपसूक लिहिलं, एकशेचाळीस-नव्वद.

गळ्यातलं कार्ड वहीवर लोंबत होतं. त्यानं ते बाजूला सारलं. आकड्यावर एक रेघ मारली, शेजारी खरा आकडा लिहिला, सही केली, तारीख घातली.

"काय खोडलंस?" दगडाबाईनं विचारलं. शाळा तिनं पाहिली नव्हती, पण नजर मेंढरं राखणाराची.

"तुजं बीपी. एकशे अठ्ठ्याऐंशी हाय."

"अन् मागच्या खेपंला?"

"लिव्हलं एकशेचाळीस."

"लिव्हलं किती ते न्हाई इचारलं. व्हतं किती?"

आसारामनं मान खाली घातली. "एकशेऐंशीच्या पल्याड."

दगडाबाईनं पदर खोचला. "माजी एकशे अठ्ठ्याऐंशी मेंढरं हायती, असं धर. दिस मावळताना एकशेचाळीसच माघारी आली. अन् सून म्हनती, आत्या, आकडा गोल हाय, निजा आता. मग मी निजू का तिच्या टाळक्यात काठी घालू?"

"काठी," आसाराम म्हणाला.

"अठ्ठेचाळीस मेंढरं लांडग्याच्या तोंडात दिलीस की रं मुडद्या!"

"तू घाबरशील म्हनून..."

"मी? लांडग्याला पायताण फेकून मारलंय मी! तुज्या आकड्याला भेऊ व्हय? मान धरायलीय चार महिने. मी मेंढरास्नी शिव्या घालायले, अन् चोर हितं बसलाय कार्ड घालून!"

गलका ऐकून वर्षाराणी बाहेर आली. तिनं परत मोजलं, आकडा जुळला. दगडाबाईला आत नेऊन तपासलं, गोळी बदलली, आठ दिवसांनी बोलावलं. जाताना दगडाबाई बाकाशी थांबली, पिशवीतून बाटली काढली, आसारामसमोर आदळली.

"धर. अन् लिटर हाय म्हनू नको. पाऊण हाय."

त्या आठवड्यात साठही जण मोजून झाले. अकराजण आत पाठवावे लागले. आसारामनं खाल्लेल्या शिव्यांची वही कुणी ठेवली नाही म्हणून बरं.

महिन्यानं प्रविण आला. आधीचे चार महिने संशोधनातून बाजूला काढायचे, असं वरून ठरलं होतं. दगडाबाईच्या पानावर त्याचं बोट थांबलं. "ही रेघ?"

"माजीच. खालचं वाचता येतंय न्हवं?"

"येतंय," प्रविण म्हणाला अन् पान उलटलं. कार्ड मागितलं नाही.

बाहेर बाकावर बंकट टेलर बाही सारून बसला होता. आसारामनं पट्टा बांधला, डोळे मिटले, उघडले. "एकशे चौसष्ट-शहाण्णव."

"गोल कर की बे थोडं."

"गोल बंद झालं. गोळी आत मिळती. ऊठ." बंकट उठला तसा आसारामनं त्याचा दंड धरला. "अन् जेवलास का?"