टपावरचे दिवे
हळद शिजवल्याचा वास आला की मला वसमतजवळच्या आमच्या शेतातली ती संध्याकाळ आठवते. जुन्या जीपच्या टपावर आम्ही त्या दिवशी लोखंडी कॅरिअर बसवलं होतं आणि त्याच्या पुढच्या दांडीवर चार मोठे दिवे. मिस्त्रीनं शेवटची वायर जोडली, मी बटनाकडं झेपावलो, तेवढ्यात आई पूजेचं ताट घेऊन आली. "पूजेआधीच लावून राहिला व्हय रे?" बाबा हसले, "दिवे टपावर हायेत, तुझा हात पुरंल का?" आईनं चपला काढल्या, पदर खोचला आणि थेट बोनेटवर चढली. चारही काचांना हळदकुंकू लावून उतरली आणि मला बाजूला सारून स्टिअरिंगसमोर बसली. "कोणतं बटन?" मी दाखवलं, तिनं दाबलं, आणि समोर वाळत घातलेली सगळी हळद पेटल्यासारखी पिवळीधमक झाली. मिस्त्रीनं शिट्टी मारली, मी तर नाचायलाच लागलो. आईनं मात्र दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. मग म्हणाली, "आता ही चालवायची कशी, ते सांग." आज औंढ्याच्या रस्त्याला आईच ती जीप चालवते, मी शेजारी बसतो, आणि त्या बटनाला अजून मला हात लावू देत नाही.