स्वतःहून चालणाऱ्या गाडीचा पंचनामा

पारनेरच्या तहसील कचेरीसमोर मी अर्ज लिहितो. शिक्षण आठवीपर्यंत झाले. परंतु तालुक्यातील बांधाचे आणि रस्त्याचे पुष्कळसे वाद माझ्याच अक्षरात उभे राहिलेले आहेत, आणि चांगली शिकलेली माणसेही मसुदा दाखवायला माझ्याकडे येतात. हे प्रौढीसाठी लिहीत नाही. असा माणूस रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांच्या धंद्यात विचार केल्याशिवाय पडणार नाही, एवढेच वाचकाच्या ध्यानात यावे.

हल्ली लोक मोबाईलवरून अर्ज भरू लागले आणि माझ्या टेबलासमोरची गर्दी ओसरली. त्याच सुमारास माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, हा प्रस्ताव घेऊन आला. तो नगरला सावेडीत राहतो आणि नागापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. कोणाच्या तरी बारशाला त्याने एक रिमोटची गाडी नेली होती, आणि मंडपातले बापे जेवण सोडून तिच्यामागे धावले होते.

"दाजी, पोरांचं नाव नुसतं. बाप्यांलाच खेळायचं असतंय. पारनेरात एक बी दुकान न्हाई."

"मग सावेडीत का काढत नाहीस? तिथे बंगले आहेत, पैसेवाले लोक आहेत."

"तिथं गाळा परवडत न्हाई. अन् इथं तुमच्या शब्दाला वजन हाय."

पहिले कारण मला लंगडे वाटले. दुसरे खरे होते, म्हणून मी भागीदारीला होकार दिला. निघताना तो म्हणाला, "तुमच्या भरवशावर नोकरी सोडतोय, दाजी. ताईला तसं सांगितलंय." हे वाक्य त्याने पत्नीसमोर का उच्चारले, याचा मी बरेच दिवस विचार केला.

गाळा कचेरीजवळच मिळाला. माझे लिहिण्याचे टेबल दाराशी, आत काचेचे कपाट आणि गाड्यांची खोकी. माल नगरच्या एका ठोक व्यापाऱ्याकडून मागवायचा होता. खेळण्याच्या धंद्यात वरचा थर चांगला देऊन खाली हलका माल सारतात, अशी माझी पक्की समजूत. म्हणून मागणीपत्रात मी स्पष्ट कलम घातले: रंग वगळता सर्व नग प्रत्येक बाबतीत तंतोतंत एकसारखे असावेत, फरक आढळल्यास संपूर्ण माल परत केला जाईल. व्यापाऱ्याने निमूटपणे सही केली. एवढ्या निमूटपणे केली की मला तेव्हाच खटकले.

दुकान बरे चालले. मेहुण्याला गिऱ्हाइकाशी बोलण्याची हातोटी होती. गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी एकच लाल गाडी सेल घालून काउंटरवर ठेवलेली असे. बाकीच्या खोक्यात बंद. एके दिवशी मेहुणा चहाला गेलेला असताना त्या लाल गाडीची चाके वळली. मी रिमोटकडे पाहिले. तो जागेवर होता, त्याला कोणाचाही हात लागलेला नव्हता. गाडी हातभर पुढे गेली, थांबली आणि मागे आली. मी घाबरलो नाही. घाबरणे आणि सावध होणे यांत फरक आहे.

मेहुणा परत आल्यावर मी अर्ज लिहीत असल्याचे दाखवले. तो दाराबाहेर जाऊन मोबाईलवर हसत बोलू लागला आणि गाडी पुन्हा हलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तो बाहेर असला की गाडी चालते, हे माझ्या ध्यानात आले. माझा तर्क असा झाला: याच्यापाशी दुसरा रिमोट आहे, गाड्या बिघडलेल्या आहेत असे भासवून मला भागीदारीतून काढायचे आणि दुकान एकट्याने चालवायचे, असा याचा बेत आहे. तर्कात मला एकही भोक सापडले नाही.

दुसऱ्याने नुसता आरडाओरडा केला असता. मी रीतसर पंचनामा करायचे ठरवले. चहावाला, झेरॉक्सवाला आणि अर्ज लिहून घ्यायला आलेले तिघे, असे पाच पंच गोळा केले आणि कागद पुढे घेतला.

"हे काय चाललंय, दाजी?" मेहुणा म्हणाला.

"खिसे दाखव."

तो हसला. थट्टा असेल असे त्याला वाटले असावे. मग माझ्या हातातले पेन पाहून त्याने खिसे उलटे केले. रुमाल, मोटरसायकलची चावी, तंबाखूची पुडी.

"पुडी जप्त करा," झेरॉक्सवाला म्हणाला. "मुद्देमाल हाय."

"हात वर," मी म्हणालो.

मेहुण्याने हात वर केले. त्याच क्षणी लाल गाडी गर्रकन वळली आणि काउंटरच्या कडेपर्यंत येऊन थांबली. पंच मागे सरकले. मी लिहिले: संशयिताचे दोन्ही हात वर असतानाही सदर वाहन चालले, सबब त्याचा साथीदार बाहेर असावा.

"साथीदार!" मेहुणा म्हणाला. "ल्ह्या, ल्ह्या. डाकू म्हणून ल्ह्या."

मी खात्रीसाठी आमचा रिमोट उचलून कळ जोरात दाबली. लाल गाडी काउंटरवरून खाली पडली आणि उताणी होऊन चाके फिरवत राहिली. मी कळ सोडली नाही. थोड्याच वेळात दारात एक गृहस्थ उभे राहिले. हे आमच्या गाळ्यामागे राहणारे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. नातवासाठी म्हणून चार दिवसांपूर्वी आमच्याकडूनच गाडी घेऊन गेले होते. ती त्यांच्या हातात होती आणि तिच्यातून काळे पाणी गळत होते.

"कोन हाय रं तो? माझी गाडी कोन पळवतंय? उभ्या जन्मात या हातानं गाडी गटारात घातली न्हाई!"

त्यांनी रागारागाने आपला रिमोट दाबला. जमिनीवरच्या आमच्या गाडीची चाके उलटी फिरू लागली.

चहावाल्याला आधी उमगले आणि तो खाली बसून हसू लागला. मी ठोक व्यापाऱ्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, एरवी आम्ही खोक्यात वेगवेगळ्या सिग्नलचे रिमोट मिसळून देतो. तुम्ही लेखी मागितलं, सगळे नग तंतोतंत एकसारखे. तसेच दिले." कलम कायद्याने निर्दोष होते, आणि तसे मी आजही मानतो. पण त्याच्या आवाजात मजा होती, हेही मी नोंदवून ठेवले आहे.

मेहुण्याने जमिनीवरचा रुमाल उचलला. "गाडीची चौकशी झाली, दाजी. माझी झाली का?" एवढे बोलून तो निघून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात आला नाही.

घरी पत्नीने ताट वाढले आणि भिंतीकडे पाहून म्हणाली, "माझ्या भावाच्या खिशांची चारचौघांत झडती झाली." त्यानंतर ती बोलेनाशी झाली. दुकान मी एकट्याने उघडत होतो. पण गिऱ्हाईक गाडीकडे बघण्याआधी माझ्याकडे बघे आणि निघून जाई. मेहुण्याला कारखान्याच्या ठेकेदाराने परत बोलावल्याचे कानावर आले. तो गेला असता तर दुकान बुडाले असते, आणि घरातली बोलचाल कायमची बंद झाली असती.

मी सावेडीला गेलो. त्याने चहा दिला, बिस्किटे दिली. एवढे आदरातिथ्य मला बरे वाटले नाही.

"येतो की," तो म्हणाला. "पन ते पाच जन पुन्हा बोलवा. माझे खिसे ज्यांनी बघितले, त्यांच्यापुढं वाचा."

"काय वाचू?"

"ते तुमाला माहीत. तालुक्याचं लिहिता ना तुमी?"

त्या रात्री मी बरेच कागद फाडले. दुसऱ्याच्या वतीने माफीचे अर्ज मी कित्येक लिहिले आहेत. पण 'मी' या शब्दाने सुरुवात करायची वेळ आली नव्हती. शेवटी लिहिले: मी माझ्या मेहुण्यावर घेतलेला संशय निराधार होता आणि तो मी मागे घेत आहे.

अर्ज लिहून घ्यायला आलेले ते तिघे शोधून आणावे लागले. मेहुणा बाहेर रस्त्यावरच उभा राहिला. मी वाचले.

"मोठ्यानं वाचा," चहावाला म्हणाला. "त्या दिवशी आवाज खणखणीत हुता."

मी पुन्हा वाचले. मेहुणा आत आला आणि काउंटरमागचे स्टूल त्याने उचलले. पूर्वी तो रस्त्याकडे तोंड करून बसे. आता त्याने ते माझ्या टेबलाकडे वळवले आणि बसला. गिऱ्हाईक आले की तो उठतो, गोड बोलतो, गाडी चालवून दाखवतो, आणि परत येऊन माझ्याकडे बघत बसतो.

पत्नी बोलू लागली आहे. दुकान चालू आहे. मात्र टेबलाचा खण उघडण्याआधी हल्ली मी दोन्ही हात वर, सगळ्यांना दिसतील असे धरतो.