गोधडीच्या मधोमध

बोरीच्या समाजमंदिरात गोधडी आणि मोडी लिपी असं दोन्हींचं एकत्र शिबिर घेणार, हे घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, "एक ना धड, भाराभर चिंध्या." मी म्हटलं, चिंध्याच लागणार आहेत आणि भाराभरच लागणार आहेत, तेव्हा म्हण अगदी योग्य जागी पडली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी परभणीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चुका काढत होते. माझ्यापासून घरच्यांची सुटका व्हावी, हाही या शिबिराचा एक हेतू असावा.

मोडीच का, असं मला पुष्कळांनी विचारलं. बायकांना साधं मराठी लिहिताना जीव जातो, त्यांना ही जुनी लिपी कशाला? पण मला अनुभव होता. देवनागरी शिकवायला गेलं की चार वर्ग शिकलेली बाई न शिकलेलीच्या पुढे जाऊन बसते आणि न शिकलेली दुसऱ्या दिवशी येतच नाही. मोडीपुढे पदवीधर सून आणि अंगठा उठवणारी सासू दोघी सारख्याच अडाणी. शिवाय मोडीत आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेघ ओढायची असते आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची, होता होईल तो हात न उचलता. गोधडीच्या धावदोऱ्याला याहून सोयीची लिपी मला तरी माहीत नाही. अक्षरामागून अक्षर येतं, दोरा तोडावा लागत नाही.

गोधडी शिकवायचा जिम्मा गावातल्या एका आजींकडे होता. तोंडाने फटकळ, हाताने त्याहून फटकळ. टाका वाकडा दिसला की समोरच्या बाईचं लग्न झालेलं आहे की नाही हे न बघता हातावर चापट. मला त्या सुरुवातीलाच म्हणाल्या, "बाई, तुमी अक्षराचं बघा, कापडाचं मी बघते. मधी मधी येऊ नका." मी शाळेत मुख्याध्यापकांचं ऐकलं नाही, पण आजींचं ऐकलं.

उन्हाळ्याचे दिवस, शेतं रिकामी, दुपारी बायका येत. शेवटच्या खांबाला टेकून एक मावशी बसायच्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. बाकीच्या बायका फुलं, मोर, स्वतःचं नाव, काय वाटेल ते काढून मागत. या मावशींनी एकच गोष्ट मागितली. त्यांना त्यांच्या आईचं नाव हवं होतं. तीन अक्षरं. ती त्या पाटीवर गिरवत राहिल्या, पुसत राहिल्या, आणि एके दिवशी न बघता लिहायला लागल्या.

मग त्यांनी पिशवीतून एक लुगडं काढलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, मूळचा हिरवा रंग फक्त काठाच्या दुमडीत राहिलेला. त्या म्हणाल्या, "आईचं हाय. यवढंच ऱ्हायलंय. फोटू न्हाई काडला तिचा कुणी. शेताच्या कागदावर बापाचं नाव, भावाचं नाव. तिचं कुटंच न्हाई. माजी लेक बाळंतपणाला आलीय. बाळाला याचीच गोधडी करायची आन त्याच्यावर आईचं नाव घालायचं. मी गेल्यावर ते नाव घ्यायला तरी कोण हाय?"

आमच्याकडे बाळाला पहिले काही दिवस नवं कापड घालत नाहीत, जुनं मऊ लुगडंच लागतं. तेव्हा सगळं जुळून आलं होतं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला तो अर्धा मावशींसाठी आणि अर्धा माझ्यासाठी. शिबिराच्या शेवटी प्रदर्शन होतं, आणि मधल्या भिंतीवर काय लावायचं हे मी त्याच क्षणी ठरवून टाकलं.

लुगड्याच्या घड्या घातल्या, कडेचे टाके झाले. मी खडूने मधोमध आडवी रेघ ओढली. मावशींनी सुईत दोरा ओवला, आणि आजी म्हणाल्या, "थांब गं."

सगळ्या थांबल्या.

"गोधडी काय डोक्यावर घिऊन फिरायची हाय का? तिच्यावर पाय पडणार. पोरगं शू करणार, शी करणार. आन तू तिथं आईचं नाव लिवायलीस? अक्षर हाय ते. आन माय हाय तुजी."

पुस्तकाला पाय लागला तर पाया पड, हे मी वर्गात जन्मभर शिकवलं होतं. कितीतरी पोरांना त्यासाठी कान धरून वाकवलं होतं. आता तेच माझ्या पुढ्यात येऊन उभं राहिलं. तरी मी हार मानणाऱ्यांतली नाही. मी म्हटलं, नाव मोडीत आहे. गावात मोडी कोणाला वाचता येतेय? बघणाऱ्याला ती नक्षीच दिसणार.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमाला नक्षी दिसंल. मला तर आईच दिसंल की."

मी म्हटलं, मग भिंतीला लावा. फ्रेम करून देते.

"भिंतीला गोधडी?" मावशी म्हणाल्या. "बाळ काय भिंतीवर निजतंय?"

बायका हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी सुई काढून पदराला टोचली, लुगड्याची घडी केली आणि पिशवीत ठेवली. मला आजींचा इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांचा चहाही घेतला नाही. बसमध्ये बसून जिंतूर रस्त्यावरची झाडं बघत मी त्यांना ऐकवायची उत्तरं तयार करत होते. सगळी सुंदर होती आणि एकही कामाचं नव्हतं, कारण आजी खोटं काहीच बोलल्या नव्हत्या.

त्यानंतर मावशी आल्या नाहीत. खांबाजवळची जागा कुणी घेतली नाही. मग कळलं की लेक मोकळी झाली, मुलगी झाली, दोघी दवाखान्यातून घरी आल्यात.

बाळ बघायला आजी आणि मी बरोबरच गेलो. मी एक टोपडं घेतलं होतं, आजींनी डिंकाचे लाडू. वाटेत आम्ही एकमेकींशी फारसं बोललो नाही. घरात बाजेवर बाळंतीण होती आणि खाली, मावशींच्या पुढ्यात, त्या अर्धवट शिवलेल्या लुगड्यावर बाळ झोपलं होतं. कडेचे टाके तेवढे झालेले. मधे माझी खडूची रेघ, पुसट झालेली. तिच्याखाली काही नाही.

आम्ही बसलो, तोंडात साखर पडली, बाळ कोणावर गेलं याची चर्चा झाली. आजींच्या मते नाक बापाकडचं होतं आणि ते फार चांगलं नव्हतं. एवढ्यात बाळाने पाय झाडले आणि लुगडं ओलं झालं. नेमकं रेघेवर.

बाजेवरून लेक ओरडली, "आई, काड ना ते खालचं! तुज्या आईचं लुगडं हाय!"

मावशींनी हात पुढे केला आणि तसाच थांबवला. ओलं पसरत गेलेलं त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."

"अगं पण..."

"ऱ्हाऊ दे म्हन्ते ना. आज माजी आई आसती तर हिला मांडीवरच घिऊन बसली आसती. मांडी वली झाली म्हणून काय खाली ठिवली आसती? पणतीची शू अंगावर घ्यायला भाग्य लागतंय. जितेपणी न्हाई मिळालं तिला." मग त्यांनी आजींकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, पण नजर खालीही घेतली नाही. "आता तर मिळू द्या."

आजींना गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली नाही. त्यांनी नाक ओढलं, पदराने तोंड पुसलं. मग उठल्या, बाळाला अलगद उचलून माझ्या हातात दिलं आणि लुगडं गोळा केलं.

"धुऊन टाक. वाळलं की घिऊन ये. आन बाई," हे मला, "रेघ नीट वडा या वक्ताला. वाकडी होती."

रेघ वाकडी नव्हती. पण मी वाद घातला नाही. माझ्या हातात बाळ होतं आणि डोळ्यांत पाणी होतं.

मावशींनी ते नाव लाल दोऱ्याने घातलं. आधी या काठापासून त्या काठापर्यंत रेघ, मग तिच्याखाली तीन अक्षरं, दोरा न तोडता. आजी शेजारी बसून होत्या आणि कोणालाही चापट मारत नव्हत्या. शेवटचा टाका झाल्यावर त्यांनीच गोधडीला हळदकुंकू लावलं आणि नावावरून एकदा हात फिरवून तो कपाळाला लावला.

प्रदर्शनाला बरीच माणसं आली. परभणीहून माझ्या जुन्या सहकारी बाई आल्या, नवराही आला आणि चिंध्यांविषयी अवाक्षर बोलला नाही. भिंती भरल्या होत्या. मधल्या भिंतीवर, मावशी एका दिवसापुरती देणार होत्या त्या गोधडीचे, दोन खिळे तेवढे रिकामे होते. पाहुणे आत येऊन बसले, भाषणं सुरू व्हायची वेळ झाली, तरी ते रिकामेच. शेवटी मावशी बाळाला कडेवर घेऊन घाईघाईने आल्या. पिशवी नव्हती.

"गोधडी?" मी विचारलं.

"वली हाय, बाई," मावशी म्हणाल्या. "तारंवर टाकलीय."