उपवासाच्या घरची कॉफी

मार्चचा पहिला शनिवार. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागून तीन दिवस झाले होते आणि चर्चच्या मागच्या खोलीतल्या चटया उन्हात घालायचं काम माझ्याकडे आलं होतं. वर्षभर गुंडाळून ठेवलेल्या लव्हाळ्याच्या चटयांना कुबट वास येतो, एका उन्हात जात नाही. आजवर हे काम ज्ञानम अक्का करत. जानेवारीत त्या गेल्या.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही त्यांच्या काखेत चटई असतानाच. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही नगरहून तंजावूरला आलो. पहिल्याच रविवारी उपासना संपल्यावर साठीच्या एक उंच बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "नगराकडली काय गे तू? घर मिळालं की?" तमिळ ख्रिस्ती बाईच्या तोंडी मराठी ऐकून मी विचारलं, कुठे शिकलात? त्यांचं लहानपण राजवाड्यामागच्या गल्लीत गेलेलं, शेजार सगळा मराठी, खेळता खेळता शिकल्या. शब्द माझ्या आजीच्या काळचे आणि चाल तमिळ.

पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या. मंडळीत त्यांना पद नव्हतं. पास्टर अय्या चार-पाच वर्षांनी बदलत, अक्का तिथेच असत. आजारी माणसाकडे जाणं, बाळंतिणीचा डबा, मयताच्या घरी पहिला भात, सगळं त्या बघत. कमिटीत या म्हणून दोनदा आग्रह झाला. "कमिटीत बसलं की पाय दुखत नाहीत," त्या म्हणाल्या, "आणि पाय दुखले नाहीत तर घरं कोण बघणार?" कोणी लांबलचक प्रार्थना करू लागलं की डोळे मिटलेलेच ठेवून पुटपुटत, "देवाला पत्ता ठाऊक आहे. पिनकोड सांगू नका."

उपवासकाळात पहिल्या सोमवारपासून आमच्याकडे रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना असते. कोणाकडे कधी, ते अक्का ठरवत आणि रविवारी चर्चमध्ये सांगत. चटया त्या घरी आधी पोचवायच्या, हाही त्यांचाच नियम. खुर्च्या असलेल्या घरीसुद्धा. "चार खुर्च्या असल्या की चार माणसं मोठी होतात गे. चटईवर कोण मोठं?"

मी आले त्या वर्षी मरियाळची पाळी होती. मरियाळ नगरपालिकेत झाडू मारते आणि राहते कालव्यापलीकडे. एवढं सांगितलं की इथे काय आणि नगरला काय, पुढचं कोणी विचारत नाही. घर शेणानं सारवलेलं, दारात मोठं रांगोळीचं कोलम, नवे स्टीलचे टम्बलर. प्रार्थना झाली आणि ती कॉफीचं ताट घेऊन आली.

"वेंडाम मा, नको, आज उपवास," पहिली म्हणाली. दुसरीचाही उपवास. ताट फिरत गेलं, सगळ्यांचेच उपवास निघाले. आदल्या दिवशी डॉक्टरांच्या घरी याच बायकांनी कॉफीवर चकलीसारखे मुरुक्कू खाल्ले होते. मी माझा टम्बलर उचलला होता. मला वाटलं, इथला उपवास एक दिवसाआड असतो.

अक्कांनी कॉफी घेतली, संपवली, दुसरी उचलली. त्यांना मधुमेह होता, हे सगळ्यांना माहीत. कमला टीचर शाळेच्या आवाजात म्हणाल्या, "अक्का, शुगर!"

"वाढू दे. तुझ्या वाटची माझ्यात वाढते. तुझा उपवास आहे ना?"

दुसरीही संपली. तिसऱ्या टम्बलरला त्यांनी हात घातला तेव्हा कमला टीचरनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः प्यायल्या. मग आणखी दोघी प्यायल्या. बाकीच्या भिंतीकडे बघत राहिल्या. मरियाळ रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही, आणि अक्कांनीही तिला जवळबिवळ घेतलं नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, "पाणी फार घातलंस. पुढल्या खेपेला दूध नीट घाल."

त्या रविवारी अक्कांनी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं: दुपारी सगळ्यांनी उपवास करायचा आणि ज्या घरी प्रार्थना असेल त्याच घरी सोडायचा. पास्टर अय्यांना आधी विचारलं नव्हतं. उपवासाला नाही म्हणणार कोण? काही जणी कालव्यापलीकडच्या दिवशी आजारी पडत. दरवर्षी अशा आजारी कमी होत गेल्या.

तर त्या शनिवारी मी चटया झटकत होते. चिटणीस झालेल्या कमला टीचर काठी टेकत आल्या, सोबत नवे पास्टर अय्या. "या वर्षी प्रार्थना हॉलमध्येच घेऊ. पंखे आहेत, माइक आहे. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मला खाली बसता येत नाही." ते खोटं नव्हतं. उन्हाळाही खरा होता.

मरियाळ माझ्यासमोर चटईचं दुसरं टोक धरून उभी होती. तिनं विचारलं, "मग माझ्या घरी नाही?"

"आता कोणाच्याच घरी नाही, मरियाळ. सगळ्यांना सारखंच."

मरियाळ म्हणाली, "तुमच्या घरी लोक एरवीही येतात, टीचर."

पास्टर अय्या भला माणूस. ते म्हणाले, "कोणी जबाबदारी घेतली तर माझी ना नाही. अक्कांसारखं रोज फिरायला हवं कोणीतरी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला तमिळ धड येत नाही, घरी सासूबाई अंथरुणावर आहेत. दोन्ही खरं. मरियाळनं चटई गुंडाळली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपासनेनंतर सूचना चालू होत्या, तेव्हा मी उठले. माझ्या तमिळला मागच्या बाकावर कोणी हसलं. "उद्या संध्याकाळची प्रार्थना मरियाळच्या घरी," मी म्हटलं. "उपवास तिथेच सोडायचा. मंगळवारचं घर उद्या तिथेच सांगेन. कमला टीचरसाठी रिक्षा आणि एक खुर्ची मी आणते." आणि खाली बसले.