मोकळी कपाटं

सुमन बिराजदार यांचं दोन महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी सव्वासहा वाजता नांदेडमधल्या खासगी रुग्णालयात निधन झालं. त्या बासष्ट वर्षांच्या होत्या. चार वर्षांपासून मूत्रपिंडाचा आजार होता आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू होतं. रेणापूरच्या एका खासगी अनुदानित शाळेत त्या ग्रंथपाल होत्या. आधी अर्धवेळ, नंतर पूर्णवेळ. त्यांच्या मागे एक मुलगी, वैशाली. तिचाच फोन मला पावणेसातला आला. ‘‘मामा, आई गेली,’’ एवढंच ती बोलली. मागे लिफ्टचा आवाज येत होता.

सुमनताई माझी मावसबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. यापुढे ‘त्या’ लिहिणं मला जमणार नाही.

ती नोकरीला लागली तेव्हा त्या शाळेचं ग्रंथालय म्हणजे प्रयोगशाळेला लागून असलेली एक खोली आणि लोखंडी कपाटं होती. कपाटांना कुलूप आणि किल्ल्या मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. आमच्या भागातल्या बहुतेक शाळांत तेव्हा असंच होतं, अजूनही अनेक ठिकाणी आहे. पुस्तक हरवलं तर ग्रंथपालाला जाब विचारतात, म्हणून ग्रंथपाल पुस्तक बाहेरच काढत नाही. ताईनं पहिल्या वर्षीच किल्ल्या मागून घेतल्या. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधीचा एक तास तिनं स्वतःकडे घेतला. त्या तासाला ती व्हरांड्यात सतरंजी अंथरायची आणि वर पुस्तकं नुसती पसरून ठेवायची, भाजी मांडावी तशी. पोरं चाळायची, नको वाटलं तर ठेवायची, दुसरं उचलायची. मुख्याध्यापक एकदा म्हणाले, ‘‘बाई, पुस्तकं कपाटात शोभतात.’’ ती म्हणाली, ‘‘कपाटाला वाचता येतं का, सर?’’ हे तिनंच मला सांगितलं आणि सांगताना दोनदा हसली.

तिची आणखी एक पद्धत होती. पुस्तक परत आलं की ती पोराला एकच प्रश्न विचारायची, कसं होतं. पोरगं जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत चिठ्ठीवर लिहायची, खाली नाव आणि गाव. चिठ्ठी पुस्तकाच्या शेवटच्या पानाला चिकटवलेल्या पाकिटात जायची. पुढचं पोरगं पुस्तक घेताना आधी त्या चिठ्ठ्या वाचायचं. मी एकदा काही वाचल्या होत्या. ‘म्हैस लई आवडली. माणसं न्हाई.’ ‘शेवट खोटा हाय.’ ‘मी हे पुस्तक रानात वाचलं, मग आईला वाचून दाखवलं.’ काही पुस्तकांत बापाची तो शाळेत असतानाची चिठ्ठी होती आणि पुढे त्याच्या लेकीचीही.

नऊ वर्षांपूर्वी मी लातूरच्या एका दैनिकात होतो, शिक्षण विभागाच्या बातम्या माझ्याकडे होत्या. एका बैठकीनंतर चहा पिताना एका अधिकाऱ्यानं सांगितलं की, ज्या शाळा जुनी, जीर्ण पुस्तकं रीतसर बाद करून कपाटं मोकळी दाखवतील त्यांना नव्या पुस्तकांचा पूर्ण संच मिळणार आहे. कागद त्याच्याकडे नव्हता. मी मागितलाही नाही. दुसऱ्या कुणाला विचारून खात्री केली नाही. बातमी दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर तीन कॉलमात छापून आली. सकाळी नऊला ताईचा फोन आला. ‘‘दिगू, हे खरं हाय का रे?’’

मी हो म्हणालो.

‘‘तू छापलंस म्हणजे खरंच असंल.’’

पुस्तक बाद करणं सोपं नसतं. समिती लागते, यादी लागते. प्रत्येक पुस्तक येताना ज्या वहीत चढवलेलं असतं त्या दाखलनोंद वहीत त्याच्या नावापुढे लाल शाईनं शेरा मारावा लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत ताई आणि शाळेचे शिपाई गफूरचाचा चार दिवस त्या खोलीत बसले. जी खरंच वाळवीनं खाल्लेली होती ती पहिल्या दिवशीच संपली. उरलेले तीन दिवस धडधाकट पुस्तकांचे होते. नवा संच पूर्ण हवा असेल तर कपाटं पूर्ण मोकळी हवीत, असं तिनं बातमीवरून धरलं होतं. गफूरचाचा ‘बाद’चा शिक्का हातात धरून थांबायचे. ‘‘बाई, ये तो अच्छी हय. इसकू भी मारूं?’’ ती म्हणायची, ‘‘मारा चाचा. नवी यायलीत.’’ चाचांनी शेवटी शिक्का तिच्यापुढे सरकवला. ‘‘फिर तुम मारो. मेरे हातसे नै होता.’’ उरलेल्या पुस्तकांवर तिनंच शिक्के मारले.

पुस्तकांचा टेम्पो लातूरच्या भंगारवाल्याकडे गेला. संध्याकाळी सात वाजता तिचा मला फोन आला. चिठ्ठ्या काढायच्या राहिल्या होत्या. सगळ्या, पाकिटांसकट. मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भंगारवाल्याकडे गेलो. गठ्ठे पहाटेच कागद गिरणीकडे रवाना झाले होते. ‘‘साहेब, शाळेची रद्दी ना? ती तर कवाच गेली,’’ तो म्हणाला. मी ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, ‘‘जाऊ दे. नव्या पुस्तकांत नव्या लिहू.’’

जूनमध्ये शाळा उघडली. पुस्तकं आली नाहीत. दिवाळीनंतर येतील, असं मी तिला सांगितलं. त्यालाही आधार नव्हता. तिनं रिकाम्या कप्प्यांना विषयवार पट्ट्या लावल्या: गोष्टी, चरित्रं, विज्ञान, प्रवास. पुढच्या वर्षी लातूरच्या एका किराणा व्यापाऱ्यानं वडिलांच्या आठवणीसाठी शाळेला पुस्तकं देऊ केली. ताईनं नको म्हणून कळवलं. कपाटं भरलेली दिसली तर संच मिळणार नाही, अशी तिला भीती होती. व्यापाऱ्यानं ती पुस्तकं दुसऱ्या शाळेला दिली. शिक्षकांच्या खोलीत तिची थट्टा सुरू झाली. ‘‘बिराजदार बाई, तुमची पुस्तकं बैलगाडीनं निघालीत का?’’ ती म्हणायची, ‘‘हाव, वाटंत बैल बदलायलेत.’’ शनिवारी व्हरांड्यात सतरंजी पडायची, पण तिच्यावर आठवड्याभरातली वर्तमानपत्रं असायची. पोरं ती दहा मिनिटांत चाळून उठायची. तिसऱ्या वर्षी त्या तासाला गणिताचा जादा वर्ग लागला. चौथ्या वर्षी खालच्या कप्प्यांत खेळाचं साहित्य आणि शालेय पोषण आहाराच्या तांदळाची पोती आली. ती मुख्याध्यापकांशी भांडली. ते म्हणाले, ‘‘बाई, पुस्तकं दाखवा, मी पोती हलवतो.’’

नोकरीच्या शेवटच्या वर्षात तिच्या वागण्यात एक बदल झाला. तिनं कप्प्यांवरच्या पट्ट्या काढल्या आणि रविवारी घरोघर जाऊन जुनी पुस्तकं मागायला सुरुवात केली. मला तेव्हा वाटलं, वाट बघून ती कंटाळली. फार काही मिळालं नाही. स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं, जुनी पाठ्यपुस्तकं, लग्नात भेट आलेली आणि न उघडलेली काही. दोन कप्पे कसेबसे भरले. निवृत्तीच्या दिवशी मी गेलो होतो. शाल, श्रीफळ, फोटो झाले. मुख्याध्यापकांनी भाषणात तिच्या शिस्तीचं कौतुक केलं. ग्रंथालयाचा पदभार घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून किल्ल्या कार्यालयात जमा झाल्या.

त्यानंतर ती वैशालीकडे नांदेडला आली. मीही बदलीनं नांदेडला होतो. त्या वर्षीच्या दिवाळीत, म्हणजे चार वर्षांपूर्वी, फराळाची ताटली माझ्यापुढे ठेवताना तिनं पहिल्यांदा विचारलं, ‘‘दिगू, त्या संचाचं काय झालं ते एकदा बघशील का रे?’’ मी बघतो म्हणालो. मी बघितलं नाही. पुढे डायलिसिस सुरू झालं. शुक्रवारी मी तिच्याबरोबर रुग्णालयात जायचो, चार तास यंत्रापाशी बसायचो. दर दोन-तीन महिन्यांनी ती तेच विचारायची, एकाच सुरात, माझ्याकडे बघत. ‘‘विचारलंस का?’’ एकदा मी म्हणालो, ‘‘विचारलं. प्रस्ताव वर गेलाय म्हणाले.’’ मी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, ‘‘बरं.’’ मग तिनं डोळे मिटले. पुढच्या वेळी तिनं पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं. शेवटचं विचारलं ते जाण्याच्या आधीच्या शुक्रवारी. तेव्हा ती थोडं जास्त बोलली. ‘‘तुला काही सांगायचं असलं तर सांग बरं का, दिगू. मी काय आता कुनावर रागावनार हाय?’’ मी म्हणालो, ‘‘फाइल हलतेय, ताई.’’ तिनं मान हलवली आणि नर्सला पंख्याचा वेग कमी करायला सांगितलं.

तिच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी संबंधित कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तर गेल्या आठवड्यात आलं. त्यात एकच वाक्य आहे: जुनी पुस्तके बाद करणाऱ्या शाळांना नवीन संच देण्याबाबतची कोणतीही योजना वा प्रस्ताव या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.

पत्र घेऊन मी वैशालीकडे गेलो. नऊ वर्षांपूर्वीची बातमी, अर्ज आणि मी तिच्या आईला काय सांगत आलो, ते सगळं तिला सांगितलं. तिनं पत्र वाचलं, माझ्या हातात परत दिलं आणि आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात आईच्या दवाखान्याच्या कागदांची फाइल होती. फाइलच्या मागच्या कप्प्यातून तिनं एक घडी केलेला कागद काढला.

‘‘आई म्हणाली होती, मामानं आपणहून सांगितलं तरच त्याला हे दाखव. न्हाईतर राहू दे.’’

ते पत्र सुमनताईच्या नावानं, रेणापूरच्या शाळेच्या पत्त्यावर आलेलं आहे. कार्यालय तेच, वाक्य तेच. त्यावरची तारीख पाच वर्षांपूर्वीची आहे.