परातीचा उजेड

हिप-हॉप अल्बमच्या जाहिरातीसाठी आलेल्या फोटोत कडेला चार बोटं होती. गाणाऱ्या पोराच्या तोंडावर ऊन पडावं म्हणून त्याच्या आईने स्टीलची परात धरली होती, ती बोटं तिची.

"बोटं उडव," आमच्या दुकानाचे सर म्हणाले. नववीतून शाळा सोडून परगावी आलेल्या मला कॉम्प्युटरवर जाहिरातीची पानं लावायचं हे काम त्यांनीच शिकवलं, नाही कसं म्हणणार? उडवली.

पोराने पान बघितलं. "भारी झालंय, दादा. पण आई आपली बोटं शोधत बसेल बघा."

परातीचा उजेड मात्र त्याच्या गालावर तसाच आहे. माझ्यावर उजेड पडावा म्हणून गावाकडे माझ्या आईनेही असंच काही धरलं असेल. तिची बोटं मी तरी कधी कुणाला दाखवली?

पान अजून छापायला गेलेलं नाही. बोटं परत ठेवू का, हे विचारायला सरांच्या दारापर्यंत जातो आणि परत येतो.