किड्याचा पाचवा पाय

चित्र चुकलं की दोष कुणाचा, हे ठरवायला काही माणसांना चित्र बघावंही लागत नाही. काढणारा कितवीपर्यंत शिकलाय एवढं कळलं की त्यांचं काम झालं.

माझी शाळा सातवीनंतर सुटली. घर रत्नागिरीच्या खाली, खाडीच्या तोंडाशी. सोलापुरात आलो तेव्हा चादरींची डिझाइनं काढून देणाऱ्या मालकांनी मला ठेवून घेतलं. दुकानाच्या माळ्यावर झोपायला जागा दिली, आलेखाच्या कागदावर चौकोन कसे भरायचे ते हाताला धरून शिकवलं. त्यांच्या घरचं जेवण मी किती वर्षं जेवतोय. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी त्यांच्यावर रागावणार आहे.

आमच्या दुकानात एके दिवशी कॉलेजातल्या एक मॅडम आल्या. समुद्रात तरंगणाऱ्या बारीक जिवांचा त्यांचा अभ्यास. समुद्र इथून कुठल्या कुठं! किनाऱ्यावरचे त्यांचे ओळखीचे लोक जाळीनं गाळलेलं पाणी औषध घालून बाटल्यांतून पाठवतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघून मॅडम पेन्सिलनं रेखाटन करायच्या, पण छापायला शाईची स्वच्छ रेघ लागते, आणि त्यांचा हात कापतो. ती रेघ मी ओढायची, असं ठरलं.

"सोलापुरात समुद्रातले किडे?" मालक हसले. "आता चादरीवर मासे काढा म्हणू नका की, मॅडम."

मॅडमनी मला एकदा भिंगातून बघू दिलं. तांदळाच्या कणीहून लहान जीव, दोन्ही बाजूंना लांब मिशा पसरलेल्या. "हा कोपेपॉड," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडच्या जवळ्याचा लांबचा नातेवाईक." मला एकदम अंगणात वाळत घातलेल्या जवळ्याचा वास आला. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "जवळा खायचा असतो रे. त्याची चित्रं कसली काढतोस?"

तो कोपेपॉड दुर्मीळ होता. सगळ्या बाटल्यांत मिळून त्याचा नर एकच सापडला होता. मॅडमनी मला समजावलं, की या जिवांचं अंग वरून बरंचसं सारखं दिसतं. कोण कुणाच्या जवळचा, हे नराच्या पाचव्या पायांच्या जोडीवरून कळतं. उजव्या पायाला टोकाशी खेकड्याच्या नांगीसारखा चिमटा होता, मादीला धरायला. डावा बारीक, आखूड, टोकाला केसासारखे काटे. ओळखीच्या जातींत डावा पाय असा नसतो, म्हणून ही जात वेगळी, असा मॅडमचा लेख. चित्रात डावा पाय चुकला, तर लेखात उरतं काय?

मी श्वास रोखून रेघ ओढली. काट्यांच्या वेळी तर पंखासुद्धा बंद केला. चित्र संगणकावर घ्यायला ठेवलं आणि कारखान्यात डिझाइन पोचवायला गेलो. परत आलो तर मालक म्हणाले, "पाठवलो बघ तुझ्या मॅडमला. काळजी करू नको." मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून बोलावणं आलं. मॅडमच्या टेबलावर छापलेलं चित्र होतं, शेजारच्या खुर्चीत त्यांच्याच कॉलेजातले एक सर बसले होते. चित्रातल्या किड्याला दोन्हीकडं चिमटे! एकासारखा एक, उजव्याला आरसा धरावा तसा डावा.

मला तिथंच कळलं. चादरीत मधली रेघ धरून अर्धंच डिझाइन काढतात, उरलेलं अर्धं उलटं करून जोडतात. आमच्या दुकानात मोर असो नाहीतर कमळ, असंच होतं. मालकांनी किड्यालाही तेच केलं होतं.

"अहो, सातवी शिकलेल्या माणसाकडून चित्रं काढून घेता," सर मॅडमना म्हणाले, मला नव्हे. मी समोर उभा होतो. "दुसरं काय होणार?"

माझे कान तापले. बोलावं तर मालकांचं नाव घ्यावं लागणार. ज्यांच्या माळ्यावर झोपतो त्यांचं नाव, या माणसासमोर? मग हा दोघांनाही हसणार. सातवी काय, पंधरावी शिकलेल्यानं ते चित्र उलटं करून जोडलं असतं तर ते बरोबर ठरलं असतं का? हे सगळं मनात. तोंडातून एवढंच निघालं, "मॅडम, मी असं काढलं नव्हतं."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "मूळ कागद आहे?"

"दुकानात आहे."

"मग आज संध्याकाळच्या आत पाठवा. लेख आजच जायचाय." सरांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

दुकानात पाय ठेवला तो रागातच. "मालक, डावा पाय कुठं गेला?"

"अरे, एक पाय लहान, एक मोठा काढलास की! लंगडा दिसत होता तुझा किडा." ते खरंच चकित झाले होते. "हात घसरला म्हणतील तुला. झाकलो मी."

"तो तसाच असतो! त्याला चादर कशाला केलात?"

एवढ्या मोठ्यानं मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. आता माळा गेला, असंच वाटलं. मी मूळ कागद काढून पुन्हा संगणकावर घेतला. मालक उठून मागं येऊन उभे राहिले. डाव्या पायाकडं बघवत नव्हतं त्यांना.

"एवढा एक काटा तरी वर घे की रे," ते म्हणाले. "जरा तरी जुळू दे."

"नाही मालक."

त्यांना नाही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. त्यांच्या डोळ्यांदेखत मी चित्र होतं तसं पाठवलं, एक पाय चिमट्याचा, एक केसाळ. मालक म्हणाले, "गेलं का? मग चल, जेवायला बस." मी जेवलो. मालकांवरचा राग त्या ताटाबरोबर गेला. सरांवरचा अजून आहे. कॉलेजात भेटले की ते हसून विचारतात, "काय, नवीन किडा?" आणि मी मान हलवून पुढं जातो.